तुमचं बोलणं मी ऐकलं होतं

अहो, भेटायला येणारा प्रत्येक माणूस तुमच्याबद्दल एकच वाक्य बोलून उठतो. "भलता अबोल मानूस व्हता. कधी कोनाले जादा बोलना नही." बायका तोंडाला पदर लावून मान डोलावतात. मीही डोलावते. काय करू? उठून सांगू, की तुम्हाला काय ठाऊक हो, या माणसानं गेली दोन वर्षं रोज संध्याकाळी दारापुढच्या ओट्यावर बसून माझं डोकं खाल्लंय? तुमच्या बोलण्यापायी माझ्या कितीतरी भाज्या करपल्या, ते आता कोणाला सांगायचं! गावानं पोहोचवला तो कोणीतरी वेगळाच माणूस होता. माझा नवरा बोलका होता. आणि हे मला एकटीलाच माहीत असणं फार वाईट आहे.

गंधमुक्ती झाली, सुतक फिटलं. मंडप निघाला, भाड्याच्या खुर्च्या गेल्या, माझा भाऊही आपल्या गावी परतला. वैशाली शहाद्याला दवाखान्यात पुन्हा कामावर जायला लागली, चिऊची शाळा सुरू झाली. दुपारभर घरात मी आणि फ्रिजचा आवाज. सून आणि नात संध्याकाळी येईपर्यंत मी एकदाही तोंड उघडत नाही. मग पहिला शब्द बोलते तेव्हा घसा खरखरतो.

वैशालीनं परवा मला नंदुरबारला नेलं, आपल्या मॅडमकडे. समुपदेशनाची ती माडीवरची खोली तशीच आहे, खाली औषधाचं दुकान, समोर मिरची वाळवायच्या पथारी. मॅडमनी तुमची लाल खुर्ची माझ्यासमोर ओढली आणि म्हणाल्या, "काका इथं बसलेत असं समजा आणि बोला." मी खुर्चीकडे बघत बसले. तिच्या पाठीला तडा गेलाय तो अजून तसाच आहे. म्हटलं, मॅडम, उभा जन्म फळ्यासमोर बोलण्यात गेला, पण रिकाम्या खुर्चीशी बोलायला मला नाही जमणार. कागद चालेल का? चालेल म्हणाल्या. म्हणून हे लिहितेय. आणि मराठीतून लिहितेय म्हणून हसू नका. तुमच्याशी भांडले अहिराणीत, पण पेन हातात घेतलं की माझा हात शाळेतल्यासारखाच वळतो. परत येताना तापीच्या पुलावर एसटी चढली, तेव्हा मी सवयीनं तुमच्या बाजूला कान दिला. शेजारी कोणाची तरी पिशवी होती.

हेमू गेल्यावर आपण बोलायचेच थांबलो होतो. भांडण नाही, तंटा नाही. पहाटेच्या लाइटीला पोरगं शेतात मोटार चालू करायला गेलं, स्टार्टरचा शॉक लागला, आणि त्या दिवसापासून तुमचं तोंड एका भिंतीकडे नि माझं दुसऱ्या. हेमूची लेक तेव्हा केवढीशी! सगळा कारभार तिच्यामार्फत. "चिऊ, आबांना सांग, ताट वाढलंय." "चिऊ, आजीले सांग, भूक नही." समोरासमोर बसून ही थेरं. मग आपण काही सांगितलेलं नसतानाही पोर निरोप आणायला लागली. "आजी, आबा म्हनस च्या कर." तुम्ही म्हणालाच नव्हता. तिला वाटायचं, या घरात तिचं कामच ते आहे.

वैशालीनं ते पाहिलं आणि एका सकाळी ती आपल्या दोघांच्या मधोमध येऊन उभी राहिली. बाई गं, काय तिचा अवतार झाला होता तेव्हा! म्हणाली, "मी मन्हं दुःख करू का तुम्हना निरोप पोहचाडू? मी नाव लिखाडी टाकं शे. बुधवारले नंदुरबार जानं शे." सुनेनं असं बोललेलं तुम्हाला आवडलं नाही, मलाही नाही. पण नाही म्हणायला दोघांना एकमेकांशी बोलावं लागलं असतं, म्हणून गेलो.

आणि तुम्ही काय केलंत! तुम्हाला वाटलं, बैठक आहे. नवरा-बायकोचं बिनसलं की दोन्हीकडची जाणती माणसं बसतात, दोन्ही बाजू ऐकतात, चूक कोणाची ते ठरवतात आणि चहा पिऊन उठतात, तशी. म्हणून तुमच्या बाजूनं तुम्ही चुलतभावाला घेतलंत, दादाभाऊंना. आणि मला, म्हणजे चिऊला, म्हणालात, "आजीले सांग, तिन्हा भाऊले बलाई ले." कप्पाळ माझं, मीही बोलावलं! मास्तरीण असून बोलावलं. माझी बाजू लंगडी पडायला नको ना. जीप भरून आपण नंदुरबारला पोहोचलो. दादाभाऊंनी तर लग्नातली टोपी घातली होती.

मॅडम दारात आल्या, सगळ्यांकडे बघितलं आणि शांतपणे विचारलं, "यातले नवरा-बायको कोण?" मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं. दादाभाऊ पुढे होऊन म्हणाले, "दोन्ही बाजू ऐकी ल्या बाई, मंग निकाल द्या." मॅडम म्हणाल्या, "इथं निकाल नसतो." निकाल नाही? मग एवढी माणसं कशाला जमवली! त्या दोघांना खाली चहाला पाठवून मॅडमनी दार लावून घेतलं. येताना पुलावर दादाभाऊंना राहवेना. "मंग चूक कोनी निंघनी?" तुम्ही खिडकीबाहेर बघत म्हणालात, "पुढना बुधवारले सांगतीन." अख्खी जीप हसली. मीही हसले. हेमूनंतरचं माझं ते पहिलं हसू, आणि तेही तुमच्या बोलण्यावर. मी लगेच तोंड फिरवलं.

पहिले काही बुधवार आपण तहसील कचेरीत आल्यासारखे बसलो. ठीक आहे. तसं काही नाही. देवाची मर्जी. मग मॅडमनी तो नियम घातला. हातात एक वस्तू धरायची. ज्याच्या हातात वस्तू, तोच बोलणार. दुसऱ्यानं मध्ये तोंड घालायचं नाही, खुलासे द्यायचे नाहीत. ऐकून झालं की आधी म्हणायचं 'मी असं ऐकलं', आणि समोरच्याचं बोलणं त्याचं त्याला परत सांगायचं. त्यानं 'हां' म्हटलं की मगच आपण बोलायचं. मला ते पोरखेळासारखं वाटलं. तुम्हाला मात्र पटकन समजलं. "हाई तं पाण्यानी बारी शे," म्हणालात, शेताला पाणी द्यायची पाळी असते तशी. "एकनी बारी चालू शे तं दुसरानी चारी फोडानी नही." मॅडमनी विचारलं, मग काय वस्तू घेता? तुम्ही खिशातून अडकित्ता काढलात. मॅडमची खुर्ची जराशी मागे सरकली! मी म्हटलं, भिऊ नका मॅडम, सुपारीशिवाय यांनी आजवर काही कातरलेलं नाही.

मग अडकित्ता धरून तुम्ही बसून राहिलात. समोर पथारीवर मिरची पसरलेली, खिडकीतून तिची तिखट धस येत होती, रस्त्यावरची माणसं खोकत चालली होती. तुम्ही अडकित्ता उघडलात, मिटलात. आणि म्हणालात, "मीच धाडं ना त्याले."

अहो, हेच वाक्य मी दीड वर्ष जिभेवर धरून ठेवलं होतं. तुम्हीच पाठवलंत त्याला. भाकरी थापताना यायचं, अंगण झाडताना यायचं. एक दिवस तुमच्या तोंडावर फेकायचं म्हणून जपून ठेवलं होतं. आणि आता नियमानं तेच मला म्हणायचं होतं. "मी असं ऐकलं," मी सुरुवात केली, "की हेमूला तुम्हीच पाठवलं, असं तुम्ही म्हणता." तोंडातून बाहेर पडलं आणि त्यातलं विष कुठं गेलं कळलंच नाही. ते तर तुमचंच दुःख होतं, मी उगाच माझं समजून बसले होते. तुम्ही 'हां' म्हणालात आणि डोळे गळायला लागले तुमचे. "मिरचीनी धस शे," म्हणालात. मॅडमनी उठून खिडकी लावली.

अडकित्ता माझ्या हातात आला. मी म्हटलं, पहाटे त्याला मी उठवलं होतं. "आई, पाच मिनटं झोपू दे," म्हणत होता. मी पांघरूण ओढलं. म्हटलं, ऊठ, लाइट जाईल, बाप ओरडेल. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं, देवालाही नाही. तुम्ही ऐकून घेतलंत. परत सांगायला लागलात आणि 'पाच मिनटं' या शब्दांवर तुमचा आवाज बसला. पुन्हा सुरुवात केलीत, पुन्हा तिथंच बसला. मॅडम म्हणाल्या, राहू द्या काका. तुम्ही म्हणालात, नही, पुरं करसू. आणि पुरं केलंत. त्या दिवशी मला कळलं, एकाच घरात राहून आपण एकाच पोरासाठी वेगवेगळे रडत होतो.

सगळं लगेच गोड झालं असं मी म्हणणार नाही. कितीदा तरी एसटीत न बोलता आलो. एकदा तर तुम्ही म्हणालात, यापेक्षा बैठक बरी, एकदाचा दंड तरी सांगतात. पण जात राहिलो. आणि पुढं भर उन्हाळ्यात, पथारी उघड्या पडलेल्या, औषधाला मिरची नाही, तरी तुम्ही डोळे पुसत म्हणायचात, मिरचीनी धस शे. मॅडमही म्हणायच्या, हो काका, फार आहे यंदा.

मग घरचा ओटा सुरू झाला. माझी सवय तुम्हाला माहीत, समोरचं पोरगं उत्तर द्यायला लागलं की त्याच्या तोंडातून काढून मीच पूर्ण करायची. तुम्ही नुसता अडकित्ता वर धरायचात. "मास्तरीन, अडकित्ता मन्हा हातमा शे." काय चिडायचे मी! पण त्या लोखंडाच्या तुकड्यामुळे मला माझा नवरा ऐकू आला. लग्नानंतर शिकलेल्या बायकोसमोर सही करायला लाजायचात, शेतात जाऊन मातीत काडीनं सही गिरवायचात, हे मला म्हातारपणी कळलं. हेमू झाला तेव्हा तुम्ही दवाखान्याच्या मागं जाऊन एकटेच नाचला होता, हेही. इतकी वर्षं मी कोणाबरोबर जेवत होते हो? चिऊचं निरोपाचं काम सुटलं. सुरुवातीला तिला चुकल्यासारखं व्हायचं. ओट्याच्या पायरीवर उभी राहून दोघांच्या तोंडाकडे बघायची, मग खेळायला पळायची.

आणि मग तुम्ही खांडबाऱ्याचं स्थळ आणलंत. वैशालीसाठी. रेल्वेत नोकरी, बायको वारलेली, माणूस शांत, चिऊला पोटच्या पोरीसारखी वाढवायला तयार. सासरा सुनेसाठी नवरा बघतो म्हणून भाऊबंदांनी तोंडं वाकडी केली. तुम्ही त्यांना एक अक्षर बोलला नाहीत. तुमच्याशी भांडले ती मी. अडकित्ता हातात घेऊन भांडले, न घेताही भांडले. चिऊ हेमूसारखीच पालथी झोपते, एक पाय पांघरुणाबाहेर. ती गेली की हेमू या घरातून दुसऱ्यांदा जाणार. हे मी तुम्हाला बजावून सांगितलं. तुम्ही शब्दन् शब्द परत सांगितलात, पालथी झोपते इथपर्यंत. माझ्याकडून 'हां' म्हणवून घेतलंत. आणि मत? ते जिथल्या तिथं! इतकं नीट ऐकून घेणारा माणूस आपलं ऐकत नाही, याचा राग किती येतो ते तुम्हाला नाही कळायचं.

शेवटच्या त्या संध्याकाळी बारी तुमची होती. सुपारी कातरून झाली होती, चिऊ अंगणात खेळत होती, वैशाली अजून यायची होती. तुम्ही बोललात. काय बोललात ते खाली लिहिते, आत्ता हात पुढं जात नाही. ऐकल्यावर मी ते परत सांगायला हवं होतं. पण मी ताडकन उठले आणि म्हटलं, "मला काही ऐकूच आलं नाही." तुम्ही हसलात. "बरं. उद्या परत सांगसू." अडकित्ता ओट्यावर तुमच्या बाजूला ठेवलात आणि हात धुवायला गेलात. दुसऱ्या दुपारी पपईच्या शेतात बांधावर टेकलात ते टेकलातच. म्हणे उद्या परत सांगसू! थापाडे कुठले.

गर्दीत कोणीतरी अडकित्ता उचलून कोनाड्यात टाकला होता. मी परत तुमच्या जागेवर आणून ठेवला. संध्याकाळी माझ्या बाजूला जाऊन बसते. सांगण्यासारखं किती साचलंय. दादाभाऊ ओक्साबोक्शी रडले ते सांगायचंय. प्रकाशा तीर्थावर तापीत अस्थी सोडताना गुरुजींनी तुमच्या आजोबांचं नाव विचारलं आणि सगळी भाऊबंदकी एकमेकांकडे बघायला लागली, ते सांगायचंय. तुम्ही पोट धरून हसला असता. पण माझी बारी नाही ना. आधी तुमचं मी परत सांगायचं, तुम्ही हां म्हणायचं, मग मी. सगळं तिथंच अडकून पडलंय.

खांडबाऱ्याची माणसं भेटायला आली होती. उठताना त्या मुलाची आई माझा हात धरून म्हणाली, "आते ती तुम्हले एकटं सोडीसन कशी येई? आम्ही समजतस." त्याच संध्याकाळी वैशालीनंही सांगून टाकलं, "आई, मी कोठेच जानार नही." गल्लीतल्या बायका तर रोजच म्हणतात, नशीब तुमचं, सून-नात जवळ आहे. मला काहीच करायचं नव्हतं. नुसतं गप्प बसायचं होतं. इतकं भांडून जे मला तुमच्याकडून मिळालं नाही, ते तुमच्या जाण्यानं आपोआप पदरात पडलं. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. गप्पच बसले मी. वैशालीही गप्प. ती स्वयंपाकघरात, मी ओट्यावर.

मग एक दिवस चिऊ पाण्याचा पेला घेऊन आली. "आजी, मम्मी म्हनस तू रडू नको."

वैशाली काही म्हणालीच नव्हती. मी आत जाऊन विचारलं. मी रडतेय हेही तिला माहीत नव्हतं. पोरीनं पुन्हा निरोप आणायला सुरुवात केली होती. आता ती मोठी झालीय अहो, दुसऱ्याचं बोलणं छान जुळवते.

चिऊला खेळायला पिटाळलं आणि वैशालीला ओट्याच्या पायरीवर बसवलं. अडकित्ता तिला दिला नाही, तो तुमचा. तिच्या हातात लाटणं होतं, म्हटलं तेच धर आणि बोल, मी मध्ये तोंड घालत नाही. बराच वेळ तिनं ते हातात फिरवलं. मग म्हणाली, तिला जायचंय. तो माणूस तिला आवडलाय. आणि जावंसं वाटतं म्हणून तिला स्वतःचीच लाज वाटते, माझ्याकडे बघवत नाही. मी सगळं परत सांगितलं. आवडलाय हेही. ती 'हां' म्हणाली आणि माझ्या मांडीवर डोकं ठेवून हेमू गेला तेव्हा रडली नव्हती इतकं रडली. खांडबाऱ्याला फोन मीच केला. म्हटलं, ती येईल, आणि चिऊ येईल. सुट्टीत मात्र पोर माझ्याकडे पाठवायची. लग्न साधंच करायचं ठरलंय. दादाभाऊ येतो म्हणालेत, टोपी घालून.

आता तुमचं. मी असं ऐकलं. तुम्ही म्हणालात, "तिन्हं आखं आयुष्य पडेल शे. पोर हेमूनी शे, पन हेमू नही शे. त्या दोन्हीस्ले जाऊ दे. घर सुनं व्हई, व्हऊ दे. आपन दोन्हीजन शेतस ना."

शेवटचं वाक्य तेवढं चुकलं तुमचं. बाकी सगळं बरोबर होतं.

चहा एकच कप मांडलाय. अडकित्ता तुमच्या बाजूला आहे. मला तेव्हाच सगळं ऐकू आलं होतं, आणि आता शब्दन् शब्द परत सांगितला, काही गाळलं नाही. आता तुम्ही हां म्हणायचं असतं. म्हणा ना. त्याशिवाय माझी बारी येत नाही.